एकाच कुळातील भाषा

पश्तो ही अफगाणिस्तान व पाकिस्तान येथील पठाण लोकांची भाषा आहे. चेक ही युरोपातील चेक प्रजासत्ताकाची भाषा आहे. पश्तो उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहितात, तर चेक डावीकडून उजवीकडे, रोमन लिपीत लिहितात. मग या भाषांचे काही नाते असेल का?

हे शब्द पाहा. 'दोन' या संख्येला पश्तोत 'द्व' व चेकमध्ये 'द्वा' म्हणतात. भावाला पश्तोत 'व्रोर' व चेकमध्ये 'ब्रातर' म्हणतात. उर्दूतील 'बिरादर' आणि मराठीतील 'भ्राता' हे शब्द आठवले ना? या सर्व भाषा भारत-युरोपीय या एकाच भाषाकुळातील आहेत.

तरीही प्रत्येक भाषेचे नियम वेगळे असतात. पश्तोत उर्दूप्रमाणे मुजक्कर व मुअन्नस अशी दोनच लिंगे आहेत. चेकमध्ये मात्र मराठीप्रमाणे नपुंसकलिंगही आहे. उर्दूत 'घर' पुल्लिंगी आहे, म्हणून तुम्ही मराठीत 'घर मोठा आहे' असे लिहून जाता. बरोबर वाक्य 'घर मोठे आहे' असे आहे. चेक शिकणारा पठाण मुलगाही अशीच चूक करील. म्हणून चुकलात तर लाजू नका. दोन्ही भाषांचे नियम शेजारी शेजारी मांडा, म्हणजे चूक कोठे होते ते तुम्हांलाच कळेल.