घर विकताना मनी-मोत्याचं काय?

फ्लॅट विकायला काढला आणि घरात कुत्रं किंवा मांजर असेल, तर कुणी ना कुणी सांगतंच, "आधी त्याला कुठेतरी सोडून या, मग गिऱ्हाईक आणा." तसं करायची काही गरज नाही. घालवायचा असतो तो वास आणि खुणा, प्राणी नव्हे. ते कसं करायचं, हे आज पाहू या.

सुरुवात वासापासून. रोजच्या वासाला आपलं नाक सरावतं, म्हणून आपल्याला तो कळत नाही. ज्यांच्याकडे प्राणी नाही अशा शेजारणीला बोलवा आणि वास कुठे येतो ते स्पष्ट सांगायला सांगा. कोपरे, सोफ्याचे पाय, बाल्कनी, पायपुसणी नीट तपासा. लघवीतल्या युरिक अॅसिडचे बारीक खडे साध्या पाण्याने विरघळत नाहीत. म्हणून पुसलेली जागा पावसाळी दमट हवेत पुन्हा वास मारते. त्यावर प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरावं. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत जागा ओली राहू द्यावी, मग टिपून घ्यावी.

लघवीवर ब्लीच मात्र कधीही ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घातक वायू तयार होतो. घरात मांजर असेल तर काळं फिनेलही नको. त्यातले फिनॉलसारखे घटक मांजराचं यकृत नीट निकामी करू शकत नाही, आणि मांजर तर पंजे चाटतच असतं. उदबत्तीने किंवा रूम फ्रेशनरने वास फक्त झाकला जातो. उलट फार सुगंध आला की बघणाऱ्याला शंका येते.

भिंतीवर डाग असेल तर आधी धुऊन पूर्ण वाळू द्या, प्रायमर लावा, मगच रंग. डागावरच रंग मारला तर वास पुन्हा बाहेर येऊ शकतो. दारावरचे नखांचे ओरखडे लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून, रंगवून झाकले जातात. फाटलेली मच्छरदाणीची जाळी बदलून घ्या. खर्च थोडा, पण घर नीट राखलेलं दिसतं.

केसांसाठी रबरी हातमोजा ओला करून सोफ्यावरून एकाच दिशेने फिरवा, केसांचे पुंजके गोळा होतात. पंख्याची पाती, पडदे आणि एसीची जाळी विसरू नका. पिसवा किंवा गोचीड असतील तर घर आणि प्राणी, दोघांवरही एकाच वेळी उपाय हवा. औषध पशुवैद्याला विचारूनच आणा. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजरासाठी जीवघेणं ठरू शकतं.

आता घर दाखवण्याचा दिवस. कुत्र्याला त्या वेळी फिरायला न्या किंवा ओळखीच्या घरी ठेवा. येणाऱ्यांत कुणी कुत्र्याला घाबरणारं असतं, कुणाला केसांची अॅलर्जी असते. मांजराला पिंजऱ्यात घालून शेजारी न्या. अनोळखी माणसांची ये-जा सुरू असताना दार उघडं राहतं आणि घाबरलेलं मांजर क्षणात जिन्यावरून पळतं. खाण्याची भांडी आणि वाळूचा ट्रे उचलून ठेवा. मात्र गिऱ्हाईकाने विचारलं, तर प्राणी आहे हे खरं सांगा. घर स्वच्छ असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही.

या सगळ्या धावपळीत मुका जीव गोंधळतो. घरातलं सामान हलतं, माणसं घाईत असतात. त्याच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा शक्यतो बदलू नका. त्याचं एखादं जुनं अंथरूण न धुता बाजूला ठेवा. नव्या घरात त्याला ओळखीचा वास तेवढाच असणार. मांजराला तिथे पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा.

आणि शेवटचं. सामानाचा ट्रक निघताना कुत्रं वॉचमनच्या भरवशावर मागे ठेवून जाऊ नका. उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. नेणं खरोखरच शक्य नसेल, तर घर विकायला काढतानाच त्याच्यासाठी चांगलं माणूस शोधायला लागा. लसीकरणाचं कार्ड, त्याच्या सवयी आणि आवडीचं खाणं, सगळं त्यांच्या हाती द्या. घराचा व्यवहार कागदावर संपतो. मोती मात्र बंद दारासमोर बसून तुमची वाट बघत राहतो.