शब्द पाठ करू नका, फोडून बघा

मंडळी, आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द आपण सुटे सुटे पाठ केले होते का? नाही ना! 'हृ' म्हणजे नेणे, हा एकच धातू. पुढचा उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजीतही हेच चालतं.

लॅटिनमधून आलेला 'पोर्ट' घेऊ. अर्थ, वाहून नेणे. 'इन' म्हणजे आत; 'प'च्या आधी त्याचं 'इम' होतं. म्हणून इम्पोर्ट, आयात. 'एक्स' म्हणजे बाहेर: एक्सपोर्ट, निर्यात. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे: ट्रान्सपोर्ट, वाहतूक. शेवटी 'एबल' हा प्रत्यय लावला की पोर्टेबल, सहज नेता येण्याजोगं. धातू एक, शब्द चार.

पण इथे एक खड्डा आहे. 'इन' म्हणजे 'नाही' असंही आपण शिकतो: करेक्ट, इनकरेक्ट. मग पेट्रोलच्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' वाचून आपण काय समजणार? न पेटणारं? अगदी उलट! तिथला 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे, त्यावरून हा शब्द आला. असा घोटाळा कुणाच्या जिवावर बेतू नये, म्हणून २०व्या शतकात धोक्याच्या पाट्यांवर 'फ्लेमेबल' लिहिण्याचा आग्रह सुरू झाला.

तेव्हा शब्द फोडून अंदाज जरूर बांधू या. पण तो वाक्यात बसतो का हे पाहू या, आणि शंका आली की शब्दकोश उघडू या.

घरी जाऊन एक करा. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे. त्याचे किती शब्द सापडतात, मोजा.