तळहातावरची वाघीण

‘मालगाडीच्या वाघिणी रुळावरून घसरल्या’ अशी बातमी तुम्ही पेपरात नक्की वाचली असेल. पाचवीत असताना मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खरोखरच्या वाघिणी दिसल्या होत्या, ओळीनं घसरणाऱ्या. ‘वॅगन’चं आपल्या लोकांनी केलेलं हे बारसं मला अजूनही आवडतं. आज ज्या वाघिणीबद्दल सांगणार आहे ती मात्र तळहातावर मावते आणि तिचा मूळ पत्ता अमेरिकेतला आहे.

झालं असं की माझा आतेदादा तिकडून सुट्टीला आला आणि येताना माझ्यासाठी एक चपटा खोका घेऊन आला. मला वाटलं चॉकलेट. उघडून पाहिलं तर आत मळकट पिवळ्या रेझिनचे तुकडे, केसासारखी तार, कागदावर छापलेली मुंगीएवढी अक्षरं आणि चार पानी सूचना. पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचा ‘एक्स-२६’ नावाचा लाकडी मालडबा, खऱ्याच्या १/८७ आकारात. ‘बनव’, एवढंच म्हणाला आणि दादा जेवायला बसला.

तुम्ही म्हणाल, खेळण्यातली आगगाडी ती, त्यात काय एवढं! मीही हेच म्हटलं होतं. पण खेळणं आणि मॉडेल यांच्यात एक भिंत आहे आणि ती पुराव्याची आहे. खेळण्यातला डबा ‘डब्यासारखा’ दिसला की झालं. या छंदातल्या माणसाला मात्र अमुक कंपनीचा, अमुक साली बांधलेला, अमुक महिन्यात असा दिसणारा डबा हवा असतो. शिडीला पायऱ्या किती, दार किती फुटांचं, छताच्या पत्र्याला घड्या कशा, सगळ्याचा फोटो किंवा नकाशा लागतो. अशा लोकांना चिडवून ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणतात. त्यातले बरेच जण ते कौतुक समजतात, कारण ते खरंच मोजतात.

आधी स्केलचं गणित बघा. या आकाराला ‘एचओ’ म्हणतात, म्हणजे ‘हाफ ओ’. ओ नावाचं एक जुनं मोठं स्केल होतं, त्याच्या निम्मं. खऱ्या एका फुटाचे इथे साडेतीन मिलिमीटर होतात. आतून साडेचाळीस फूट लांब असलेला डबा जेमतेम चौदा-पंधरा सेंटिमीटरचा उरतो. इथवर सोपं आहे. पण डब्याला चढण्यासाठी लावलेली लोखंडी कडी खऱ्यात साधारण पाऊण इंच जाडीच्या सळीची असते. १/८७ केल्यावर ती येते सुमारे ०.२२ मिलिमीटर! ती बसवायला त्याहून किंचित मोठं भोक पाडायचं, तेही हातानं फिरवायच्या ड्रिलनं. या छंदात सर्रास वापरलं जाणारं ८० नंबरचं ड्रिल ०.३४ मिलिमीटरचं असतं. पहिल्या संध्याकाळी माझी अशी तीन ड्रिल मोडली. चौथं मोडलं नाही, कारण तोवर मी श्वास रोखून काम करायला शिकलो होतो.

कडीमागची गोष्ट

दुसऱ्या दिवशी वैतागून दादाला विचारलं, ‘एवढ्या कड्या कशाला? दोन कमी लावल्या तर कुणाला कळणार?’ उत्तर द्यायच्या ऐवजी त्यानं मला वाचायला लावलं. आणि खरं सांगतो, हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळेच.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दोन डबे जोडायला ‘लिंक अँड पिन’ पद्धत होती. एका डब्याला लोखंडी कडी, दुसऱ्याला खाच. डबे एकमेकांवर येत असताना मधे माणूस उभा राहायचा, कडी हातानं खाचेत घालायचा आणि वरून खीळ टाकायचा. क्षणभर चुकलं की बोटं गेली, कधी माणूसच गेला. थांबवायची रीतही तशीच होती. इंजिनातून शिट्टी झाली की ब्रेकमन चालत्या गाडीच्या छतावरून, लाकडी फळ्यांच्या वाटेवरून पळत जायचे आणि प्रत्येक डब्याचं चाक हातानं फिरवून ब्रेक आवळायचे. रात्री. पावसात. बर्फात.

आपोआप जुळणाऱ्या कपलिंगचं पेटंट ईलाय जॅनीनं १८७३ मध्येच घेतलं होतं. जॉर्ज वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेकही त्याच सुमाराचा. म्हणजे उपाय होता, पण कायदा व्हायला १८९३ उजाडलं. त्या साली झालेल्या सेफ्टी अप्लायन्स अ‍ॅक्टनं कपलिंग, ब्रेक आणि धरायच्या कड्या सक्तीच्या केल्या. पुढे १९११ मध्ये कडी कुठे, शिडी कुठे, किती अंतरावर, हेसुद्धा नियमात ठरवून टाकलं. माझ्या चिमट्यातून सारखी उडून पलंगाखाली जाणारी ती तार म्हणजे त्या नियमाची १/८७ आवृत्ती! त्यानंतर दोन कमी लावायचा विचार मी केला नाही. छतावरची फळ्यांची वाट तर नव्या डब्यांवरून १९६६ मध्ये गेली. म्हणून छतावर वाट दिसली की जाणकार माणूस डब्याचा काळ चटकन ओळखतो.

माझा डबा तसा पहिल्या महायुद्धाचं अपत्य. युद्धात मालवाहतुकीचा पार बोजवारा उडाला, म्हणून १९१७ च्या डिसेंबरात अमेरिकी सरकारनं रेल्वे स्वतःच्या ताब्यात घेतली. आजवर प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीचे डबे बांधायची. सरकारनं ठरावीक नमुने काढले आणि एक लाख डब्यांची ऑर्डर दिली. त्यातल्या एका नमुन्यात पोलादी सांगाडा बाहेरून दिसतो आणि लाकडी फळ्या आतून ठोकलेल्या असतात. बाजूनं बघितलं तर पुलाच्या कैचीसारख्या तिरप्या पट्ट्या दिसतात. पोलाद वाचवायचं आणि ताकदही ठेवायची, असा तो हिशेब होता. या नमुन्याचे जवळपास दहा हजार डबे एकट्या पेन्सिल्व्हेनियाकडे गेले. तोच एक्स-२६.

गेरू, तारीख आणि वजन

रंगाचं बोला. ‘बॉक्सकार रेड’ म्हणून बाटली मिळते, पण तो लाल नाहीच. लोहाच्या ऑक्साइडचा तांबूस तपकिरी रंग आहे तो, म्हणजे चक्क आपला गेरू! स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून रेल्वेवाल्यांनी वापरला. त्यातही प्रत्येक कंपनीची छटा वेगळी, आणि ऊन-धुरानं ती बदलायची. मग खरी छटा शोधायची कुठे? इथे एक खजिना सांगतो, रेल्वेत रस नसला तरी बघा. जॅक डेलानो नावाच्या फोटोग्राफरनं १९४२ च्या डिसेंबरात शिकागोच्या प्रोव्हिसो यार्डात सरकारसाठी फोटो काढले, काही चक्क रंगीत कोडाक्रोम फिल्मवर. बर्फ, वाफ आणि डब्यांच्या रांगाच रांगा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर ते फुकट मोठ्या साइजमध्ये डाउनलोड करता येतात. मॉडेलवाले ते फोटो झूम करकरून कुठल्या डब्यावर कुठे धूर बसलाय ते बघतात. आम्हाला वर्गात फोटो ‘वाचायला’ शिकवतात. या लोकांचं वाचन बघून मला आमचे असाइनमेंट्स आठवले आणि जरा लाजच वाटली.

अक्षरांचे डिकल म्हणजे लहानपणी बबलगमसोबत मिळणारे टॅटू. पाण्यात भिजवायचे, सरकवायचे, वर एक द्रव लावायचा म्हणजे ते फळ्यांच्या खाचांत बसतात. पेन्सिल्व्हेनियाची खूण ‘कीस्टोन’, कमानीच्या मधोमध बसवायचा दगड. तेच त्या राज्याचं टोपणनाव. बाजूला डब्याचा नंबर, क्षमता, रिकाम्या डब्याचं वजन. आणि या वजनाशेजारी अगदी बारीक अक्षरांत एक ठिकाणाचा कोड आणि महिना-साल. भाडं वजनावर ठरायचं, लाकूड ओल धरतं, दुरुस्तीत वजन बदलतं. म्हणून डबा ठरावीक काळानं पुन्हा तोलायचे आणि तारीख रंगवायचे. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॉडेललाही वजन लागतं. हलकं झालं तर वळणावर घसरतं, बातमीतल्या वाघिणीसारखं. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९३५ पासून आहे. त्यांची शिफारस सोपी आहे: मुळात एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. सहा इंची डब्याला चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅम. मी आईचा केकचा काटा घेतला आणि जमिनीला लावायच्या आधी डब्याच्या पोटात लोखंडी नट चिकटवले. आईनं विचारलं, ‘अभ्यासाचं आहे का?’ मी हो म्हटलं.

एक सूचना मात्र मनावर घ्या. रेझिन घासताना उडणारी पूड फुप्फुसाला वाईट असते. मास्क लावा, पॉलिश पेपर ओला करून घासा आणि इन्स्टंट ग्लूची बाटली उघडी ठेवून फोन उचलू नका. माझा अंगठा आणि फोनचं कव्हर काही काळ एकत्र नांदले.

‘उलटा कर जरा’

तीन आठवड्यांनी डबा तयार झाला. रुळावर ठेवला, बोटानं ढकलला, सुळकन गेला. व्हिडिओ कॉलवर दादाला दाखवला. त्यानं तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाला, ‘उलटा कर जरा.’

डब्याच्या पोटाखाली ब्रेकची टाकी, झडप, नळ्या असतात. रुळावर ठेवल्यावर त्यातलं काही म्हणजे काहीच दिसत नाही. मी बसवला होता जुना ‘के’ प्रकारचा ब्रेक, जो या डब्यांवर मुळात असायचा. आणि वजनाची तारीख लावली होती १९५८ ची, कारण डिकलच्या कागदावर ती सगळ्यात सरळ कापली गेली. गोची अशी की १९३३ पासून नव्या डब्यांना ‘एबी’ नावाचा नवा ब्रेक आला आणि १९५३ मध्ये एका कंपनीच्या रुळावरून दुसरीच्या रुळावर जाणाऱ्या डब्यांना जुना ‘के’ बंद झाला. म्हणजे माझा डबा १९५८ मध्ये तोलला गेला होता, पण त्याच्या पोटाखालचा ब्रेक पाच वर्षांपूर्वीच बाद झालेला!

आणि मालडबे तर भटकेच. घरच्या रुळावर कमी, परक्या मुलुखात जास्त. पेन्सिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल यांचे ताफे सगळ्यात मोठे. म्हणून कुणी आयोवातला छोटा फाटा बनवला तरी त्यात पेन्सिल्व्हेनियाचा डबा यायलाच हवा, असं हे लोक मानतात. त्यामुळे ‘माझा डबा घर सोडून कधी गेलाच नाही’ ही पळवाट मला पटेना.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? दिसत नाही. कुणी विचारणार नाही. ज्याला कळलं तो दादा तेरा हजार किलोमीटर लांब आहे. दोन दिवस डबा टेबलावर तसाच होता आणि मी त्याच्याकडे बघणं टाळत होतो. त्याच आठवड्यात ऑफिसात एका बातमीतलं साल मी न तपासता पुढे ढकललं होतं. छापायच्या आधी डेस्कवरच्या सीनियर मॅडमनी पकडलं. ओरडल्या नाहीत, फक्त ‘हे कुठून घेतलंस?’ असं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ब्रेक उपटला तर अख्खी खालची बाजू गेली असती. म्हणून सोपा मार्ग काढला. सेलोटेपनं आणि दातकोरणीनं ती तारीख खरवडली, तिथे पुन्हा गेरू लावला आणि १९५१ चे आकडे एकेक करून चिकटवले. ब्रेक बदलला नाही, साल बदललं. तीन मिलिमीटरच्या जागेला दोन तास गेले. या वेळी आधी बाकीची अक्षरं त्या सालाला चालतात का ते फोटोंत शोधलं. कीस्टोनभोवती गोल असलेली खूण त्या काळात होती, जमलं.

तुम्हाला हे करून बघायचं असेल तर महागडं किटच हवं असं नाही. फोटो, पट्टी आणि जाड कार्डशीट एवढ्यावर कामचलाऊ डबा होतो. कॅड येत असेल आणि कॉलेजात थ्रीडी प्रिंटर धूळ खात असेल तर उत्तमच. हा आकार डोळ्यांनी बघायचा तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जमवलेलं, १९९८ पासून सगळ्यांसाठी खुलं. आपल्या वाघिणी बनवायचं डोक्यात असेल तर एक पेच आत्ताच सांगून ठेवतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या स्केलला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा. बाजारातला एचओ रूळ आहे १६.५ चा. डबा अचूक केला तरी चाकं आत सरकलेली दिसणार. यावर कुणाला उपाय सुचला तर मला कळवा, खरंच.

माझ्या डब्याचं अजून संपलेलं नाही. काल दादाला नवा फोटो पाठवला. त्याचा रिप्लाय आला, ‘१९५१ मधे तीस वर्षं जुना डबा एवढा स्वच्छ?’ तेव्हा या रविवारी खडूची पूड करायची आहे, काळी आणि तपकिरी. आईचा पोळपाट सोडून कशावर कुटू, तेवढं शोधतोय.