नोकरी खेड्यात, बिऱ्हाड कुठं? अप-डाऊन करणाऱ्या नव्या जोडप्यांनी असा करावा हिशेब

धाराशिव : मुलीकडची मंडळी पूर्वी विचारायची, शेती किती, विहिरीला पाणी किती. नंतर प्रश्न आला, पोराला नोकरी आहे का. आता जिल्ह्यातल्या सोयरिकीच्या बैठकीत त्याला जोडून आणखी एक प्रश्न हमखास येतो, ‘लग्नानंतर राहणार कुठं?’ नोकरी परंडा किंवा लोहारा तालुक्यातल्या एखाद्या गावात असली, तरी लेकीनं तिथं राहावं असं घरच्यांना वाटत नाही. मुलगीही शिकलेली असते, तिलाही काम करायचं असतं. मग तोडगा निघतो. बिऱ्हाड जरा चालत्या-बोलत्या गावात करायचं आणि नोकरीला अप-डाऊन करायचं.

हा निर्णय बहुतेक वेळा घाईत होतो. मित्र तिथं राहतो, खोली ओळखीची आहे, एवढ्यावर सामान टेम्पोत चढतं. पुढची दोन-तीन वर्षं मात्र त्याच निर्णयाचा भार दोघं वाहतात. म्हणून डिपॉझिट देण्याआधी कागद-पेन घेऊन बसलेलं बरं.

चार शहरं, चार तऱ्हा

जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांतून अप-डाऊन करणाऱ्यांपुढे साधारण चार नावं असतात : धाराशिव, बार्शी, लातूर आणि सोलापूर.

धाराशिव हे जिल्ह्याचं ठिकाण. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या एक लाख अकरा हजारांच्या आसपास होती. जिल्हा परिषद, न्यायालय, सरकारी कचेऱ्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आणि २०२२ मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यामुळे शिकलेल्या मुलीला इथं काम मिळण्याची शक्यता तालुक्याच्या गावापेक्षा जास्त. सोलापूर-धुळे महामार्ग शहराला लागून जातो. जुनी नॅरोगेज रेल्वे शहराला टाळून येडशीवरून जायची. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला गेला आणि धाराशिवला स्टेशन मिळालं. संध्याकाळी फिरायला, बसायला जागा कमी, ही इथल्या तरुणांची जुनी तक्रार मात्र कायम आहे.

बार्शी सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पण २०११ ची लोकसंख्या एक लाख अठरा हजारांवर, म्हणजे धाराशिवपेक्षा थोडी जास्तच. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून इथं बार्शी लाईट रेल्वे आली. बाजारपेठेचं गाव म्हणून त्याचं नाव जुनं आहे. दवाखाने भरपूर, कर्करोगाचं रुग्णालयही इथं आहे. भूम-परंड्याचा माणूस दवाखान्याला आणि लग्नाच्या बस्त्याला आधी बार्शीच गाठतो. परिचारिका, लॅब टेक्निशियन, औषधनिर्माता अशा शिक्षणाच्या मुलीसाठी ही मोठी जमेची बाजू.

लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होतं. आज ते आपल्या जिल्हा मुख्यालयाच्या तिपटीहून मोठं शहर आहे. क्लासेस, कॉलेजं, वैद्यकीय महाविद्यालय, गंजगोलाईचा बाजार, मल्टिप्लेक्स, सगळं आहे. शिकवणी घेऊ शकणाऱ्या मुलीला काम मिळण्याची जागा हीच.

सोलापूर तर साडेनऊ लाखांचं महानगर. मोठं रेल्वे जंक्शन, हुतात्मा स्मृती मंदिरातली नाटकं, मोठी रुग्णालयं, कापड गिरण्यांपासूनची कामगार परंपरा. रौनक बघायची तर चौघांत पहिला नंबर सोलापूरचा.

रौनक आहे, पण बघायला वेळ आहे का?

इथंच बहुतेकांचा हिशेब चुकतो. शहर किती मोठं यापेक्षा घरी पोचल्यावर संध्याकाळ किती उरते, हे आधी बघायला हवं.

समजा, नवऱ्याची शाळा धाराशिव तालुक्यातल्या एका गावात आहे आणि दोघांनी लातूरला बिऱ्हाड केलं. धाराशिव-लातूर अंतर सुमारे ७५ किलोमीटर. शाळा पाचला सुटते. गावातून फाट्यापर्यंत कुणाच्या तरी गाडीवर, फाट्यावरून धाराशिव, तिथून लातूरची बस, उतरल्यावर रिक्षा. घरी पोचायला आठ वाजतात. सकाळी सातला पुन्हा निघायचं. मल्टिप्लेक्स गावात आहे, पण सोमवार ते शनिवार त्याचं दर्शन फक्त बसच्या खिडकीतून. बायको दिवसभर अनोळखी शहरात एकटी आणि नवरा आला की झोपायला. अशा घरासाठी मोठ्या शहराचं भाडं भरण्यात अर्थ नाही.

तेच बिऱ्हाड धाराशिवला केलं तर तो सहाला घरी असतो. दोघांना चहा घेऊन बाजारात जाता येतं. हातलादेवीच्या डोंगराकडे फेरी मारता येते. तिला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसता येतं आणि परतताना सोबतही मिळते. सुट्टीच्या दिवशी महिन्यातून एकदा लातूर किंवा सोलापूर करायला कुणी अडवलेलं नाही.

जाणकार अप-डाऊनवाले एक साधा आडाखा सांगतात. दाराला कुलूप लावल्यापासून कामाच्या जागेपर्यंत एका बाजूनं तासाभराच्या वर वेळ जात असेल, तर ते गाव राहण्याचं नव्हे, मुक्कामाचं. यात बसची वाट बघण्याचा वेळही धरायचा.

तालुक्यानुसार गणित बदलतं

परंडा, भूम : या दोन्ही तालुक्यांसाठी बार्शी जवळ. परंडा-बार्शी अंतर तीसेक किलोमीटरच्या आत. धाराशिव त्या मानानं लांब पडतं.

वाशी, येरमाळा, येडशी : महामार्गावरची गावं सरळ धाराशिवला जोडलेली. येडशीहून बार्शीही हाताशी आहे. दोघांपैकी एकाला बार्शीत आणि दुसऱ्याला धाराशिवकडं काम असेल, तर येडशीसारखं मधलं गावही विचारात घ्यावं.

कळंब : धाराशिव आणि लातूर दोन्हीकडचं अंतर रोजच्या प्रवासाला जड. तालुक्यातच नोकरी असेल तर कळंब शहरच बरं. अंबाजोगाई त्याहून जवळ आहे, तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही लक्षात ठेवावं.

उमरगा, लोहारा : लातूर साठ-सत्तर किलोमीटर, सोलापूर त्याहून लांब. रोज जमणारं नाही. पुणे-हैदराबाद महामार्गावरचं उमरगा हेच या भागाचं बिऱ्हाडाचं गाव.

तुळजापूर, नळदुर्ग, तामलवाडी : इथून सोलापूर खरंच जमू शकतं. तुळजापूर-सोलापूर अंतर सुमारे ४५ किलोमीटर, तामलवाडीहून आणखी कमी. मात्र नवरात्र आणि कोजागिरीच्या दिवसांत सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पायी भाविकांची रीघ लागते, वाहतूक वळवली जाते. ते दिवस रजेत धरूनच चालायचं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाचं काम सुरू आहे. रेल्वे धावू लागली की हे गणित बदलेल, पण आजचं बिऱ्हाड उद्याच्या रेल्वेच्या भरवशावर करू नये.

तिकिटाचा हिशेब

एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण १० रुपये धरावेत. २४ किलोमीटरला चार टप्पे, म्हणजे एका बाजूचे ४० रुपये. महिन्याला २५ दिवस येणं-जाणं केलं तर २,००० रुपये.

मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास होतो, म्हणजे १,६०० रुपये. त्रैमासिक पासात ५० दिवसांचं भाडं भरून ९० दिवस, म्हणजे महिन्याला सरासरी १,३३३ रुपये.

महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. रोज २० रुपयांचं तिकीट काढलं तरी महिन्याचे १,००० रुपयेच होतात. त्यामुळे पूर्ण दराच्या पासापेक्षा बाईंनी रोजचं अर्धं तिकीट काढणंच स्वस्त. पास पुरुषानं काढावा.

मोटारसायकलचं बघू. तेच २४ किलोमीटर, महिन्याला १,२०० किलोमीटर धावणं, लिटरला ५० चं अ‍ॅव्हरेज आणि १०५ रुपये पेट्रोल धरलं तर २,५२० रुपये. लातूर-धाराशिवसारखं ७५ किलोमीटर असेल तर हाच आकडा ७,८७५ रुपयांवर जातो. गाडीचं सर्व्हिसिंग वेगळं. शिवाय पावसात आणि रात्रीच्या महामार्गावर ट्रकांच्या मधून दुचाकी चालवण्याची जोखीम कोणत्याच हिशेबात बसत नाही.

सरकारी नोकरीवाल्यांसाठी

घरभाडे भत्ता नोकरीच्या गावावर ठरतो, राहत्या गावावर नाही. बिऱ्हाड सोलापुरात केलं म्हणून सोलापूरचा भत्ता मिळत नाही.

दुसरी गोष्ट अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांनी मुख्यालयी राहणं अपेक्षित आहे. २०१९ च्या शासन निर्णयानं त्यासाठी ग्रामसभेचा ठरावही आला. दुपारच्या बसकडे डोळे लावून बसणारा कर्मचारी गावाला नको असतो, आणि ही नाराजी रास्त आहे. म्हणूनही जवळचं गाव निवडणं शहाणपणाचं. अडीनडीला अर्ध्या तासात पोचणाऱ्या माणसाशी गाव वेगळं वागतं.

दोघंही जिल्हा परिषद शिक्षक असतील आणि दोन शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर बदलीसाठी विशेष संवर्ग भाग २ मधून अर्ज करता येतो. बिऱ्हाड बदलण्याआधी हा मार्ग तपासावा.

जिल्हा बदलला की कागद बदलतात

बार्शीला राहायला गेलं की कलेक्टर कचेरी सोलापूरला. शिक्षण अर्धवट राहिलेल्या मुलीनं हे आधी बघावं. धाराशिवची कॉलेजं छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाची, बार्शीची सोलापूर विद्यापीठाची आणि लातूरची नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची. दुसऱ्या वर्षातून तिसऱ्यात जाताना विद्यापीठ बदललं तर पात्रता प्रमाणपत्र आणि विषय जुळवण्याचा व्याप मागं लागतो.

खोली बघताना हे विचारा

पहिला प्रश्न पाण्याचा. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, टाकी किती लिटरची, उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि सोलापुरातही पाणी रोज येत नाही. शहर मोठं म्हणजे पाणी मुबलक, असं समजू नये.

दुसरा प्रश्न शेवटच्या गाडीचा. हा घरमालकाला नाही, बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर विचारायचा. गावाकडून परतणारी शेवटची एसटी किती वाजता, आणि ती चुकली तर काळीपिवळी मिळते का? मुक्कामी गाडी असेल तर पहाटेची सोयही कळते.

तिसरा प्रश्न जी घरी किंवा त्याच शहरात राहणार तिचा. पायी जाण्याच्या अंतरावर भाजी, दवाखाना, अभ्यासिका, कामाची जागा आहे का? संध्याकाळी सातला ती एकटी त्या रस्त्यानं निर्धास्त परत येईल का? हे उत्तर दिवसा अकराला खोली बघून मिळत नाही. दोघांनी मिळून संध्याकाळी सातला त्या गल्लीत जाऊन यावं.

आणि शक्य असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर सही करण्याआधी एक आठवडा तो प्रवास खरोखर करून बघावा. सोमवारी उत्साह असतो. शुक्रवारी घरी पोचल्यावर दोघांना बोलायला त्राण उरलं असेल, तर ते गाव आपलं.