धक्क्याविना फुटी

१७ मे १८५९ रोजी पूर्व मेलबर्नमधल्या परेड हॉटेलात काही क्रिकेटपटू जमले होते. मेलबर्न फुटबॉल क्लब स्थापन होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते आणि क्लबाचा खेळ नेमका कसा खेळायचा, हे ठरवायचं होतं. टॉम विल्स, विल्यम हॅमर्सली, जेम्स थॉम्प्सन आणि टॉमस स्मिथ ही त्यातली ठळक नावं. विल्स इंग्लंडच्या रग्बी शाळेत शिकून आलेला. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर बुटाची लाथ हाणणं त्या शाळेत मर्दानगीचं मानलं जाई. इतरांना ते पटेना. मेलबर्नच्या कडक जमिनीवर खेळणारी ही माणसं शाळकरी पोरं नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना कचेऱ्या नि दुकानं गाठायची होती. अखेर दहा नियम लिहिले गेले. धक्का देणं चालेल, पळत्याला पाय घालून पाडणंही चालेल, पण लाथ मारायची नाही, असं ठरलं.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणजेच ‘फुटी’ हा खेळ या तडजोडीतून उभा राहिला. आज मेलबर्नमधल्या उद्यानांत संध्याकाळी बायका-पुरुष एकत्र जमून याच खेळाचं एक सामाजिक रूप खेळतात आणि त्यात अंगाला भिडायलाच मनाई असते. जुन्या चाहत्यांपैकी काहींना हा मूळ खेळाचा पातळ काढा वाटतो. मला तसं वाटत नाही. कामावर जाणाऱ्या माणसाला खेळता यावं म्हणून नियम बदलायचे, हेच या खेळाचं पहिलं तत्त्व होतं. भिडण्याविना खेळली जाणारी फुटी ते तत्त्व एक पाऊल पुढे नेते.

मूळ खेळ

विल्सने १० जुलै १८५८ रोजी ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या साप्ताहिकात एक पत्र छापून आणलं. क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात हातपाय आखडून बसू नये, त्यासाठी फुटबॉलचा क्लब काढावा, अशी त्याची सूचना होती. त्याच वर्षी ७ ऑगस्टला स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या शाळांचा सामना झाला. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस खेळाडू आणि पंचांमध्ये स्वतः विल्स. सामना वेगवेगळ्या तीन दिवशी खेळला गेला आणि एकेका गोलावर बरोबरीत सुटला. विल्सचं बालपण पश्चिम व्हिक्टोरियात जाब वुरुंग या आदिवासी समाजाच्या मुलांसोबत गेलं होतं आणि त्यांची भाषा त्याला येत असे. त्या भागातले आदिवासी पॉसम नावाच्या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू करून ‘मार्नग्रूक’ खेळत. फुटीवर त्याचा थेट परिणाम झाला की नाही, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे.

आजच्या खेळात लंबवर्तुळाकार मैदानावर दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू उतरतात. चेंडूही लांबट असतो. ऑफसाइड नाही, त्यामुळे कोणीही कुठेही धावू शकतो. चेंडू हाताने फेकता येत नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो ठोसायचा, याला हँडबॉल म्हणतात. नाहीतर पायाने मारायचा. किमान पंधरा मीटर उडून आलेली किक कोणी हवेतल्या हवेत झेलली, तर तो ‘मार्क’ ठरतो आणि झेलणाऱ्याला निवांत किक मिळते. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला की एक गुण, त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात. बारा गोल आणि आठ बिहाइंड म्हणजे ऐंशी गुण.

हा खेळ व्हिक्टोरियाच्या अंगात भिनलेला आहे. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम १८९७ साली झाला आणि १९९० पासून हीच लीग ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, या नावाने ओळखली जाऊ लागली. १९७० च्या अंतिम सामन्याला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १,२१,६९६ प्रेक्षक होते आणि हा विक्रम अजून मोडलेला नाही. अंतिम सामन्याच्या आदल्या शुक्रवारी व्हिक्टोरियात २०१५ पासून सार्वजनिक सुट्टी असते.

नऊ जणांची फुटी

एवढ्या लोकप्रिय खेळाची अडचण अशी की बहुतेक मोठी माणसं तो फक्त बघतात. पूर्ण भिडण्याच्या सामन्यात पोटावर, खांद्यावर आदळून खाली पाडणारे टॅकल असतात, आणि उडी मारून दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवत चेंडू झेलणारेही असतात. ज्याने लहानपणापासून सराव केलेला नाही, त्याने तिशीत एकदम त्यात उतरणं धोक्याचंच. लहान मुलांसाठी ‘ऑसकिक’ हा सौम्य कार्यक्रम बऱ्याच वर्षांपासून आहे. मोठ्यांसाठी मात्र असं काही नव्हतं. एएफएलने आधी ‘रेक फुटी’ नावाचा प्रयोग केला. त्यात खेळाडूच्या अंगावर वेल्क्रोची पट्टी असे आणि ती ओढून काढली की टॅकल झाला असं धरत. त्यातूनच पुढे ‘एएफएल नाइन्स’ हे रूप आलं.

नाइन्समध्ये प्रत्येक संघाचे नऊ खेळाडू असतात. मैदान लहान आणि त्याचे तीन विभाग केलेले. तीन बचाव करणारे, तीन मधले, तीन आघाडीचे, आणि ज्याने त्याने आपापला विभाग सांभाळायचा. गोल फक्त आघाडीच्या तिघांनी करायचा. पाडणं, ढकलणं, अडवून धरणं बंद. चेंडू असलेल्याला प्रतिस्पर्ध्याने स्पर्श केला की त्याने चेंडू लगेच पुढे द्यायचा. मिश्र स्पर्धेत पुरुषाच्या गोलला नेहमीचे सहा गुण, तर स्त्रीच्या गोलला नऊ. बारीकसारीक नियम स्पर्धेगणिक थोडे बदलतात, पण सांगाडा हाच.

या नियमांचा परिणाम काय होतो, तो बघण्यासारखा आहे. विभाग ठरलेले असल्याने एकच दमदार धावपटू सगळं मैदान व्यापू शकत नाही. चेंडू आघाडीच्या तिघांपर्यंत पोचल्याशिवाय गोल होत नाही. स्त्रीच्या गोलला जास्त गुण असल्याने आघाडीतल्या बाईकडे चेंडू देणं ही सौजन्याची बाब उरत नाही, ती सामना जिंकण्याची चाल होते. मिश्र खेळांत नेहमी दिसणारी एक खोड, म्हणजे बायकांना संघात घ्यायचं आणि चेंडू मात्र पुरुषांनीच एकमेकांकडे फिरवायचा, ती इथे संघाला महागात पडते. सगळ्यांना सामावून घेण्याची हाक देणं सोपं असतं. इथे ते काम गुणफलकावर सोपवलं आहे, म्हणून ते होतं.

अंगाची किंमत

भिडण्याला पर्याय शोधण्यामागे आणखी गंभीर कारण आहे. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसल्याने मेंदूची हळूहळू झीज होणाऱ्या आजाराला वैद्यकात सीटीई म्हणतात. त्याचं पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. ‘पॉली’ म्हणून ओळखला जाणारा ग्रॅहॅम फार्मर हा या खेळातला सर्वकालीन थोर खेळाडूंपैकी एक. २०१९ मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी त्याच्या मेंदूत सीटीई असल्याचं जाहीर झालं. त्यामागोमाग डॅनी फ्रॉली आणि शेन टक या माजी खेळाडूंची नावं आली. २०२३ मध्ये हेदर अँडरसनचं निदान समोर आलं. महिलांच्या एएफएलमध्ये खेळलेली ही मुलगी अठ्ठावीस वर्षांची असताना वारली होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीने खेळांतल्या डोक्याच्या दुखापतींवर अहवाल दिला. स्थानिक पातळीवरच्या फुटीत आता डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला सामन्यात परतण्याआधी किमान एकवीस दिवस थांबावं लागतं.

नाइन्समध्येही घोटा मुरगळतो, मांडीचा स्नायू ओढला जातो, कधी झेल घेताना बोट दुखावतं. पण डोक्यावर आदळण्याचा धोका खूपच कमी होतो. घर चालवणाऱ्या, हप्ते भरणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा आहे. १८५९ साली नडगी वाचवताना जो विचार झाला, तोच आता डोकं वाचवताना होतो आहे.

बायकांच्या बाबतीत तर दार फार उशिरा उघडलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात पर्थमध्ये दुकानांत काम करणाऱ्या बायका फुटी खेळल्याची नोंद आहे, आणि १९८१ मध्ये व्हिक्टोरियात महिलांची लीग सुरू झाली. तरीही मुलांबरोबर खेळणाऱ्या मुलींना वयात येता येता संघ सोडावा लागे आणि पुढे जायला वाट नसे. एएफएलची महिला लीग सुरू झाली ती २०१७ मध्ये. ३ फेब्रुवारीच्या पहिल्या सामन्याला इतकी गर्दी लोटली की दारं बंद करावी लागली. ज्या बायकांचं खेळायचं वय त्याआधीच उलटून गेलं, त्यांच्या हातात फुटीचा चेंडू आला तो नाइन्ससारख्या खेळांतून.

बाहेरून आलेल्यांची वाट

फुटी बाहेरच्यांनाही आपलंसं करते, याची मोठी उदाहरणं आहेत. डब्लिनचा जिम स्टाइन्स गेलिक फुटबॉल खेळणारा. १९८४ मध्ये तो मेलबर्नला आला, नवा खेळ शिकला आणि १९९१ मध्ये हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक त्याने मिळवलं. अमेरिकेचा मेसन कॉक्स बास्केटबॉलमधून आला आणि २०२३ मध्ये एएफएल जिंकणाऱ्या कॉलिंगवूड संघात खेळला. पण ही उदाहरणं व्यावसायिक खेळाडूंची. सामान्य स्थलांतरिताचं काय?

ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेल्या रहिवाशांची संख्या ६,७३,००० च्या पुढे गेली आणि परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडखालोखाल भारतीयांचा क्रमांक लागला. त्यात मराठी माणसं भरपूर आहेत, विशेषतः मेलबर्नच्या उपनगरांत. तिथे आपली मंडळं आहेत, गणेशोत्सव आहेत, शनिवार-रविवारचं क्रिकेट आहे. सोमवारी सकाळी कचेरीत मात्र चर्चा असते फुटीची. त्या चर्चेत नुसती मान डोलवणं आणि स्वतः चेंडू झेललेला असणं, यांत फार अंतर आहे. प्रेक्षक होऊन तुम्ही एखाद्या संघाचे होता. मैदानावर उतरलात की शेजाऱ्याचे होता.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. परदेशी संघांसाठी मेलबर्नमध्ये २००२ पासून भरलेल्या आंतरराष्ट्रीय चषकात २००८ साली भारताचाही संघ उतरला. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नच्या जॉन केन अरीनात प्रो कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले, तेव्हा फुटीचे माजी खेळाडू कबड्डीच्या मैदानात उतरले होते. त्यांनी दम धरून चढाई करून बघितली. आपण मुठीने चेंडू ठोसून बघायला काय हरकत आहे?

सामील व्हायचं म्हणजे

फुटीचा मुख्य हंगाम हिवाळ्यातला. सप्टेंबरअखेर अंतिम सामना झाला की मैदानं मोकळी होतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी व्हिक्टोरियात घड्याळ तासभर पुढे जातं आणि कामावरून परतल्यावरही भरपूर उजेड उरतो. सामाजिक स्पर्धांना हा काळ सोयीचा, आणि आपल्याकडच्या दिवाळीचे दिवसही हेच. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली असते. पुरता संघ घेऊन नाव नोंदवता येतं. एकटंच यायचं असेल तर बहुतेक ठिकाणी आयोजक कुठल्यातरी संघात जागा करून देतात. बूट आणि पाण्याची बाटली एवढ्या सामानावर सुरुवात होते.

आधी हँडबॉल शिकावा. तो लवकर जमतो आणि जवळच्या सोबत्याला चेंडू देता येऊ लागला की मैदानावरची भीड चेपते. मग ‘ड्रॉप पंट’ ही किक. लांबट चेंडू उभा धरायचा, खालचं टोक पायावर येईल असा सोडायचा आणि त्या टोकाशी मारायचा, म्हणजे तो उलटा गिरक्या घेत सरळ जातो. फुटबॉलची सवय असलेला माणूस चेंडू वर फेकून मारायला बघतो. इथे तो हातातून हळूच पायावर सोडावा लागतो. क्रिकेट खेळलेल्याला मात्र उंच आलेला चेंडू झेलण्याचा अंदाज आधीपासून असतो आणि मार्क घेताना तो कामी येतो. खो-खो खेळलेल्याला तर स्पर्शाचा खेळ कोणी शिकवायलाच नको. हुलकावणी देणं, ऐन वेळी दिशा बदलणं, हात लांबवून नुसता गडी टिपणं, हे सारं त्याच्या अंगात मुरलेलं असतं.

खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बसून माणसांनीच लिहिले. परेड हॉटेलातल्या बैठकीसारखीच तीही माणसं होती: खेळाची ओढ असलेली आणि खेळ सगळ्यांना नीट खेळता यावा म्हणून कागद-लेखणी घेऊन बसलेली. नियम माणसांनी केलेले असतात, म्हणून माणसांसाठी ते बदलताही येतात. आपल्याकडे शाळा सुटली की कबड्डी सुटते आणि लग्न झालं की खो-खोचं मैदान परकं होतं, बायकांसाठी तर आधीच. चाळिशीतल्या बाईला, पन्नाशीतल्या कारकुनाला, खेळ कधीच न शिकलेल्या शेजाऱ्याला उतरता येईल असं कबड्डीचं आणि खो-खोचं सौम्य रूप आपल्या मंडळांनी, जिमखान्यांनी आणि तालमींनी बसवायला हवं. आणि मेलबर्नच्या मराठी वाचकांना सांगणं एवढंच: यंदाच्या उन्हाळ्यात जवळच्या मैदानावर नाव नोंदवा. नवरा-बायको दोघंही नोंदवा.