आधी तार, मग वारा, गॅस शेवटी

नारळी पौर्णिमा झाली, गणपती उठले, की गेटवेसमोरच्या पाण्यात यॉट पुन्हा दिसू लागतात आणि माझा फोन वाजू लागतो. पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या बोटी तेव्हा नुकत्याच पाण्यात उतरलेल्या असतात. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं. "मिस्त्री, फ्रिज गार होत नाहीये. गॅस संपलाय, सिलिंडर घेऊन या." सिलिंडर मी नेतो. पण बोटीवर चढल्यावर पिशवीतून पहिल्यांदा बाहेर येतो तो मल्टिमीटर.

आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून मी आधी घरगुती फ्रिज दुरुस्त करायचो. आता माझं बरंचसं काम बोटींवरच असतं. घरचा आणि बोटीचा, दोन्ही फ्रिजांबद्दल लोकांच्या मनात एक समज घट्ट बसलाय, की गॅस वापरून वापरून संपतो. तो पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांच्या फेऱ्यात तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. बोटीच्या पुष्कळ फ्रिजांत असतो तो आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो. आतल्या पत्र्यात तो उकळताना भोवतीची उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेरच्या जाळीत ढकलतो, तिथे उष्णता सोडून तो पुन्हा द्रव होतो आणि केसासारख्या बारीक कॅपिलरी नळीतून आत परततो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळतोय. गळत नसेल, तर तो जितका होता तितकाच आहे आणि बिघाड दुसरीकडे आहे. बोटीवर तो बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. म्हणूनच सीलबंद नळ्यांना हत्यार लावण्याची घाई पाहिली की माझा जीव खालीवर होतो. धडधाकट नळ्या उघडल्या, की खारट दमट हवा आत जायला वाट मिळते.

घरच्या फ्रिजला २३० व्होल्ट मिळतात, बोटीच्या फ्रिजला बॅटरीतून १२ किंवा २४. पुष्कळ यॉटवर डॅनफॉसचा छोटा काळा कॉम्प्रेसर असतो, बीडी-३५ किंवा बीडी-५०. २०१० मध्ये डॅनफॉसने हा धंदा विकला, तेव्हापासून हा कॉम्प्रेसर सेकॉप या नावाने येतो. त्याच्या बाजूला वहीच्या पुठ्ठ्यापेक्षाही लहान असा इलेक्ट्रॉनिक डबा असतो. बॅटरीची वीज घेऊन मोटर फिरवण्याचं काम या डब्याचं. घरगुती फ्रिजवर हात बसलेला माणूस कधी कधी डबा काढून कॉम्प्रेसरच्या तीन पिनांना थेट वीज लावून बघतो. असं कधीही करू नका. मोटर तशी चालत नाही, जळते मात्र. तिची तब्येत बघायचीच असेल, तर वीज बंद करून पिनांच्या तिन्ही जोड्यांमधला रोध मोजा. तो साधारण दोन ओहमच्या आसपास आणि तिन्हींचा जवळपास सारखा आला, तर गुंडाळी ठीक आहे.

सगळ्यात आधी कॉम्प्रेसरवर हात ठेवा. तो थरथरतोय की गप्प आहे, एवढ्यावरच अर्धं निदान होतं.

गप्प असेल, तर विजेच्या मागे लागा. इथे एक खूण कोणालाही पाहता येते. इंजिन चालू असताना फ्रिज चालतो आणि नांगर टाकून इंजिन बंद केलं की थोड्या वेळात थांबतो, तर समजा की व्होल्टेज कमी पडतंय. इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या बोटीवर अल्टरनेटर व्होल्टेज १४ च्या आसपास उचलून धरतो. तो थांबला, की सगळा भार बॅटरीवर आणि तारांवर येतो. बॅटरी खोल उतरून खराब होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक डबा ठरावीक व्होल्टेजच्या खाली स्वतःच कॉम्प्रेसर बंद करतो. ही मर्यादा डब्याच्या प्रकारानुसार आणि सेटिंगनुसार बदलते, १२ व्होल्टच्या बोटीवर साधारण १० व्होल्टच्या आसपास असते.

मालक म्हणतात, "बॅटरीवर तर बारा दाखवतंय!" खरं आहे. पण डबा मोजतो ते त्याच्या स्वतःच्या, तारा जोडायच्या पट्टीवर पोहोचलेलं व्होल्टेज. समजा बॅटरी १० मीटर लांब आहे आणि तार अडीच चौरस मिलिमीटरची आहे. जायची-यायची मिळून २० मीटर तांब्याची तार झाली, तिचा रोध सुमारे ०.१४ ओहम. कॉम्प्रेसर पाच अँपिअर खेचत असेल, तर ०.७ व्होल्ट तारेतच गेले. सुरू होताना तो क्षणभर जास्त खेचतो, तेव्हा आणखी जातात. त्यात पावसाळाभर दमट हवेत राहिलेलं तारेच्या टोकाचं एखादं थिंबल हिरवं पडलेलं असलं, की राहिलेलं व्होल्टेज तिथे जातं. म्हणून मीटरची टोकं डब्याच्या पट्टीवरच लावायची, आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतो त्या क्षणीचा आकडा वाचायचा. निवांत असताना १२.४ आणि सुरू होताना ९.८ असं दिसलं, तर फ्रिज निर्दोष आहे.

तारेच्या लांबी-जाडीचं गणित कंपनीनेच दिलेलं आहे. १२ व्होल्टवर अडीच चौरस मिलिमीटरची तार अडीच मीटरपर्यंत, चारची चार मीटरपर्यंत, सहाची सहापर्यंत आणि दहाची दहा मीटरपर्यंत. यापेक्षा सोपं कोष्टक मी पाहिलेलं नाही. तार शक्यतो कल्हई केलेल्या तांब्याची घ्यावी, साधं तांबं खाऱ्या हवेत आवरणाच्या आतूनही काळं पडत जातं. फ्रिजची लाइन दिव्यांच्या आणि पंपांच्या फळीवरून फिरवून न आणता, फ्यूज घालून सरळ बॅटरीवरून आणावी. १२ व्होल्टला १५ अँपिअरचा फ्यूज, २४ ला साडेसातचा. फ्यूज शाबूत दिसला तरी त्याच्या खोबणीतला गंज बघायला विसरू नका.

या डब्याची आणखी एक सोय मला फार आवडते. त्याच्या प्लस आणि डी या खुणांच्या मधे एक छोटा एलईडी लावला, की बिघाड झाल्यावर तो लुकलुकून कारण सांगतो. काही फ्रिजांत तो मुळातच लावलेला असतो. ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तेच. एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी. दोनदा, तर पंखा मर्यादेपेक्षा जास्त करंट खेचतोय. तीनदा, म्हणजे मोटर सुरूच होत नाहीये, एकतर ती अडकली आहे किंवा नळ्यांच्या दोन बाजूंमधला दाब अजून उतरलेला नाही. चारदा, म्हणजे मोटरला कमीत कमी वेगही धरता येत नाहीये. पाचदा, म्हणजे डबाच तापलाय. एलईडी अजिबात लागत नसेल आणि पट्टीवर वीज पुरेशी असेल, तर थर्मोस्टॅट तपासा. सी आणि टी या खुणांना जोडलेल्या थर्मोस्टॅटच्या तारा काढून त्या दोन खुणा छोट्या तारेच्या तुकड्याने जोडा. कॉम्प्रेसर सुरू झाला, तर दोष थर्मोस्टॅटचा किंवा त्याच्या तारांचा. तीनदा लुकलुकणारा दिवा बघून कॉम्प्रेसर बदलायला निघालेल्यांना मी हात जोडून सांगतो, पाच-दहा मिनिटं थांबा, दाब उतरू द्या, आणि एका चांगल्या भरलेल्या बॅटरीवरून जाड तारेने सरळ वीज देऊन बघा.

आता दुसरी शक्यता. कॉम्प्रेसर थरथरतोय, आवाजही येतोय, पण आतलं पाणी कोमटच. इथेही गॅसच्या आधी वाऱ्याचा विचार करा. फ्रिजने आतून काढलेली उष्णता बाहेर जायला वाट हवी. बोटीवर जागेची टंचाई. कॉम्प्रेसर आणि जाळी बहुतेक वेळा सीटखालच्या कप्प्यात असतात, आणि त्याच कप्प्यात लाइफ जॅकेटं, दोर, चटया कोंबलेल्या सापडतात. ऑक्टोबरच्या उन्हात तो कप्पा आतून भट्टी होतो. सामान काढा, मऊ ब्रशने जाळी साफ करा, हवा आत यायला एक आणि बाहेर जायला दुसरं भोक आहे का ते पाहा. पंखा फिरतोय का, आणि गार हवा घेऊन जाळीतून पुढे ढकलतोय का, तेही. पंख्याबाबत एक बारकावा आहे. हा डबा २४ व्होल्टच्या बोटीवरही पंख्याला १२ च व्होल्ट देतो. तिथे २४ व्होल्टचा पंखा बसवलेला असेल, तर तो रेंगाळत फिरतो आणि फ्रिज जेमतेम गारवा देतो. काही मोठ्या बोटींत जाळी समुद्राच्या पाण्याने गार होते. तिथे आधी पाण्याची गाळणी उघडा. मुंबईच्या बंदरात त्यात गाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हमखास निघतात.

दाराचं रबर एका मिनिटात तपासता येतं. कागदाचा कपटा दारात धरून ओढा, तो सहज सरकला तर हवा आत शिरतेय. आतल्या पत्र्यावर बर्फाचा जाड थर असेल तर तो वितळू द्या. टोकदार वस्तूने खरवडू नका, पत्र्याच्या आत गॅसची वाट आहे.

हे सगळं ठीक निघालं, तरच गॅस. त्याच्याही खुणा डोळ्यांनी दिसतात. फ्रिज पुरेसा वेळ चालल्यावर दव संपूर्ण पत्र्यावर सारखं धरायला हवं. कॅपिलरी जिथून आत येते त्या कोपऱ्यात वीतभर बर्फ आणि बाकीचा पत्रा कोरडा असेल, तर गॅस कमी आहे. तेव्हा प्रत्येक सांध्यावर तेलकट डाग शोधा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. साबणाच्या पाण्याचा फेस लावला की बुडबुडा जागा दाखवतो. याउलट, फ्रिज तास-दोन तास छान चालून मग कॉम्प्रेसर चालू असतानाच कोमट होत असेल, आणि काही वेळ बंद ठेवून सुरू केल्यावर पुन्हा चालत असेल, तर नळ्यांत ओलावा शिरलाय. तो कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून वाट बंद करतो. नुसता गॅस वाढवून तो जाणार नाही. ड्रायर बदलून व्हॅक्यूम करावाच लागतो.

गळती बुजवायची, नायट्रोजनच्या दाबाने सांधे तपासायचे, व्हॅक्यूम करायचा, आणि प्लेटवर लिहिलेले तेवढेच ग्रॅम तराजूवर मोजून भरायचे. या छोट्या फ्रिजांत गॅस मुळातच ग्रॅमांत मोजण्याइतका असतो. थोडा जास्त झाला तरी बर्फ परतीच्या नळीवर कॉम्प्रेसरपर्यंत येतो आणि गारवा उलट कमी होतो. आणि जो मिस्त्री १३४ए च्या जागी स्वस्तातला हायड्रोकार्बन गॅस भरून देतो म्हणेल, त्याला बोटीवरून उतरवा. तो गॅस पेट घेतो आणि हवेपेक्षा जड आहे. घरात खिडकीतून निघून जाईल, बोटीत गळला तर तळाशी साचून राहतो, आणि त्याच तळाशी इंजिन आणि पंपांचे स्विच असतात.

भर दर्यात फ्रिज थांबला आणि यातलं काहीच हाती लागलं नाही, तर दार उघडणं बंद करा. आपले कोळी तांडेल ट्रॉलरच्या खणात नुसत्या बर्फावर मासळी दिवसचे दिवस टिकवतात, तेव्हा बंद दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाची लादी ठेवूनही जेवणखाण पुढच्या बंदरापर्यंत निभावतं. बोटीवर कोणी इन्सुलिन घेत असेल, तर ती बाटली कापडात गुंडाळून, डब्यात घालून, बर्फापासून थोडी लांब ठेवा. बर्फाला चिकटून ती गोठली, तर औषध निकामी होतं.