तळाला धरून

समुद्राच्या तळाशीही जीव तगतात, म्हणजे जीव कुठेही जुळवून घेतातच, हा निष्कर्ष फार सोयीचा आहे. मावळातल्या नद्यांत पडणाऱ्या राडारोड्याचा विषय निघाला की तो हमखास पुढे केला जातो. पण तळाचा पुरावा नेमका उलटं सांगतो. 2022 मध्ये जपानजवळच्या गर्तेत 8,336 मीटर खोलीवर स्नेलफिश कॅमेऱ्यात टिपला गेला. तिथला दाब हवेच्या आठशेपटींहून जास्त. या माशाला वाताशय नाही, अंग जेलीसारखं मऊ, आणि पेशींतली विशिष्ट संयुगं प्रथिनांचा आकार त्या दाबाखालीही बिघडू देत नाहीत. याला कणखर म्हणणं चूक. तो त्या दाबाच्या मापाने बेतलेला आहे.

आपल्या घाटमाथ्यावरच्या ओढ्यांत तेवढा दाब नाही, ओढ मात्र आहे. पावसाळ्यात माणसाचा पाय टिकत नाही अशा धारेत मळ्या मासा हनुवटीखालच्या चकतीने खडकाला चिकटून शेवाळ खरवडतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1938 मध्ये ज्या माशाला पुण्याचं नाव दिलं, त्या ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिसच्या छातीवर कातडीच्या चुण्याच आहेत, दगडावर घट्ट बसणाऱ्या. त्याचंही वाताशय आक्रसलेलं. कारण स्नेलफिशहून वेगळं, पण ज्याला तळ सोडायचाच नाही त्याला तरंगण्याचं साधन अडचणीचंच. ही सगळी करामत स्वच्छ, उघड्या दगडावर अवलंबून आहे. दगडावर गाळाची साय धरली की शेवाळ झाकलं जातं आणि चुण्यांना धरायला काही उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, लोणावळ्यात वळवणला टाटांच्या हॅचरीत महसीरची पिल्लं अनेक दशकं तयार होतात. मग नदीची काळजी कशाला? त्या कामाचं मोल आहेच. पण इथलं बीज कावेरीत सोडल्यावर ते तिथे इतकं फोफावलं की तिथल्या मूळच्या कुबड्या महसीरच्या ऱ्हासाचं एक कारण म्हणून अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात. 2018 पासून तो मासा अतिसंकटग्रस्त यादीत आहे. शिवाय महसीरला निदान मागणी आहे, शौकीन आहेत, हॅचरी आहे. बोटभर लांबीच्या मळ्यासाठी असं काही कुणी उभारणार नाही. त्याला लागतो तो इंद्रायणीच्या उगमाकडचा धुतलेला खडक आणि त्यावरून धावणारं पाणी.